तलावातल्या कल्लेवाल्या गांडुळाची 'पहिली नोंद' लिहिण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोंदिया जिल्ह्यातल्या एका मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या काठच्या गाळात तुम्हाला बोटभर लांबीची लालसर गांडुळं मिळाली. शेपटीकडच्या भागाला दोन्ही बाजूंनी बारीक झालर आहे. चित्रांशी ताडून पाहता ते ब्रँकियुरा सॉवर्बीआय या कल्लेवाल्या पाणगांडुळाच्या जातीचं वाटतं. या जिल्ह्यातून ही जात कुणी नोंदवल्याचं तुम्हाला इंटरनेटवर आढळलं नाही. तुमच्याजवळ मोबाइलवर काढलेले चार फोटो आहेत आणि फॉर्मेलिनच्या बाटलीत सहा गांडुळं, त्यांतली चार तुटलेली. एवढ्यावर 'पहिली नोंद' म्हणून लेख द्यावा का, आणि द्यायचा तर आणखी काय लागेल?

लेख जरूर द्या, पण आज हातात आहे तेवढ्यावर नको. सहा गांडुळांवरून जात कदाचित ओळखता येईल, नोंद मात्र उभी राहणार नाही. जात ओळखणं हे तुमचं आणि सूक्ष्मदर्शकाचं काम. नोंद म्हणजे तुम्ही नसताना, वीस वर्षांनी, तुमच्याशी सहमत नसलेल्या माणसालाही तपासता यावा असा पुरावा. तीसेक वर्षं तळ्यांचा, नद्यांचा आणि धानाच्या बांध्यांचा गाळ चाळताना मला सर्वांत जास्त याच फरकाने शिकवलं आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

आधी ती झालर. तुम्ही 'दोन्ही बाजूंनी' असं लिहिलं आहे. ब्रँकियुराचे कल्ले डाव्या-उजव्या अंगाला नसतात. मागच्या भागातल्या प्रत्येक खंडावर (शरीराच्या कड्यावर) एक कल्ला पाठीच्या मधल्या रेषेवर आणि एक पोटाच्या मधल्या रेषेवर, अशी वर-खाली जोडी असते. गांडूळ काचेवर ठेवलं की ते कुशीवर लवंडतं आणि वर-खालचे कल्ले आपल्याला आजूबाजूचे वाटतात. तुमच्या फोटोंत हेच झालं असावं. पण 'असावं' म्हणून सोडू नका. बाटलीतलं एक अखंड गांडूळ काढा, पाण्याने भरलेल्या पेट्रीडिशमध्ये ठेवा आणि बारीक सुईने हळूहळू गोल फिरवा. पोटाकडचे आणि पाठीकडचे रोमांचे, म्हणजे अंगावरच्या बारीक ताठ केसांचे, जुडगे कुठे आहेत ते आधी पक्कं करा, मग कल्ले त्यांच्या मानाने कुठून निघतात ते पाहा. ब्रँकियुरात हे कल्ले शरीराच्या मागच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यातच असतात. सुरुवातीला आखूड, मध्ये लांब आणि अगदी टोकाकडे पुन्हा आखूड. मोठ्या गांडुळात जोड्या शंभराच्या वर जातात. त्या मोजून लिहा.

झालर खरंच अंगाच्या दोन्ही बाजूंना निघाली आणि ती शरीराच्या पुढच्या भागात जास्त लांब असली, तर तुमच्यासमोर वेगळाच प्राणी आहे. त्या वंशाचं नाव ब्रँकियोड्रिलस. त्यात कल्ले पुढे लांब आणि मागे जावं तसे आखूड होत जातात, आणि पाठीकडचे लांब रोम बऱ्याचदा कल्ल्याच्या आतच गुंडाळलेले दिसतात. हा प्राणी आपल्याच देशातून जगाला कळला. आल्फ्रेड गिब्स बोर्न यांनी तो मद्रासहून १८९० मध्ये वर्णन केला. त्यांनी दिलेलं कीटोब्रँकस हे वंशनाम एका माशाला आधीच दिलेलं निघालं, म्हणून मिखाएलसन यांनी १९०० मध्ये ते बदलून ब्रँकियोड्रिलस केलं. पुढे १९१० मध्ये लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजातल्या जॉन स्टीफन्सन यांनी तिथल्या एका बागेतून दुसरी जात वर्णन केली आणि तिला लाहोरिया हॉर्टेन्सिस म्हटलं. तीही आज ब्रँकियोड्रिलसमध्येच धरतात. हा इतिहास सांगण्याचं कारण पुढे जुनं साहित्य शोधण्याच्या भागात येईल.

कल्लेवाली आणखी एक मंडळी आहेत: डेरो आणि ऑलोफोरस. ही चणीने अगदी लहान असतात. त्यांच्या शेपटीच्या टोकाला वाटीसारखा खळगा असतो आणि त्यातून बोटांसारखे चार-सहा कल्ले बाहेर येतात. बोटभर लांबीच्या गांडुळाशी त्यांची गल्लत सहसा होत नाही, पण पिल्लांच्या बाबतीत मी ती होताना पाहिली आहे.

आता तुटलेल्या चार नमुन्यांविषयी. ब्रँकियुराला ओढलं, दाबलं किंवा एकदम फॉर्मेलिनमध्ये टाकलं की ते तुटतं, आणि तुटतो तो बहुधा कल्ल्यांचा भागच. मग हाती उरतो बिनकल्ल्यांचा पुढचा अर्धा. ज्याला घाई असते तो त्याला 'ट्युबिफेक्स' म्हणून यादीत टाकतो. आपल्याकडे गाळातल्या प्रत्येक लाल गांडुळाला ट्युबिफेक्स म्हणायची रीतच पडली आहे. मत्स्यालयाच्या दुकानात माशांना घालायला मिळणारा लाल पुंजका त्याच नावाने विकतात. मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या अशा पुंजक्यांत बहुतेक वेळा लिम्नोड्रिलस या दुसऱ्याच वंशाची गांडुळं निघाली. लिम्नोड्रिलसच्या जाती ओळखायच्या तर पक्व नरांगाभोवतीचं कडक आवरण बघावं लागतं: त्याची लांबी रुंदीच्या किती पट आहे आणि टोकाची कड कशी आहे. अपक्व प्राण्यात ते आवरणच नसतं. त्या वयात इमानदारीने एवढंच लिहिता येतं: 'अपक्व, केसाळ रोम असलेलं' किंवा 'अपक्व, केसाळ रोम नसलेलं'. (काही जण तर कायरोनोमस माशीच्या लाल अळ्याही गांडुळांत मोजतात. अळीला डोकं असतं आणि डोक्यामागे आखूड पाय असतात. साध्या भिंगातून तेवढं बघितलं तरी पुरे.)

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. १९९०च्या दशकात एका नदीच्या सांडपाण्याच्या पट्ट्यातून मी ट्युबिफेक्स ट्युबिफेक्सची नोंद छापली होती. पाठीवर लांब केसाळ रोम दिसले, दोन टोकांच्या रोमांमध्ये कंगव्यासारखे दाते दिसले आणि मला खात्री वाटली. तीन वर्षांनी दुसऱ्या कामासाठी त्याच स्लाइड काढल्या तेव्हा लक्षात आलं की एकही प्राणी पक्व नव्हता. तोवर मी चॅपमन आणि ब्रिंकहर्स्ट यांचं १९८७ सालचं कामही वाचलं होतं. पाण्याचे गुणधर्म बदलले की या गांडुळांचे केसाळ रोमही बदलतात, हे त्यांनी प्रयोग करून दाखवलं होतं. मी पुढच्या लेखात ती नोंद मागे घेतली. पण मधल्या काळात ती दोन याद्यांत उतरली होती, आणि त्या याद्या वाचणाऱ्याला माझी माघार दिसत नाही. चुकीची नोंद छापायला एक दिवस पुरतो, ती साहित्यातून काढायला आयुष्य पुरत नाही. तुमच्यावर ती वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

ब्रँकियुराच्या बाबतीत एक दिलासा आहे: कल्ले शाबूत असले तर अपक्व प्राणीही ओळखता येतो. गोड्या पाण्याच्या गांडुळांत ही सवलत फार थोड्या जाती देतात. तरीही पक्व नमुने गोळा कराच. कल्ल्यांवर विसंबून बाकीचं शरीर न बघणं ही वाईट सवय आहे, आणि पुढची जात तुम्हाला ही सवलत देणार नाही.

आता 'पहिली' या शब्दाकडे येऊ. माझं सर्वांत जास्त म्हणणं याच शब्दाविषयी आहे.

या जातीचं पहिलं वर्णन १८९२ मध्ये फ्रँक बेडार्ड यांनी केलं. नमुने कुठून आले होते? लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या रॉयल बोटॅनिक सोसायटीच्या बागेतून, राक्षसी कमळाच्या टाकीतल्या गाळातून. ते कमळ ॲमेझॉनचं, टाकी इंग्लंडमधली, पाणी तापवलेलं. सॉवर्बी हे त्या सोसायटीचे सचिव, त्यांच्यावरून जातीचं नाव पडलं. पुढे ही जात आशियाच्या उष्ण भागात सर्वदूर सापडत गेली आणि तिचं मूळ घर इकडेच आहे असं आता बहुतेक अभ्यासक मानतात. १९३२ मध्ये स्पेन्सर यांनी अमेरिकेतल्या ओहायोमधून ती नोंदवली. १९५८ मध्ये मान यांनी टेम्स नदीतून नोंदवली, तीही वीजकेंद्राचं गरम पाणी नदीत सोडलं जात होतं त्या भागातून. म्हणजे कागदोपत्री या गांडुळाचं 'मूळ ठिकाण' लंडन आहे, आणि ज्या गाळात ते पिढ्यान्‌पिढ्या शेपूट हलवत असणार त्या आपल्या तळ्यांची नोंद मागाहून होत गेली. १८९२ मध्ये लंडनच्या त्या टाकीच्या गाळात कुणीतरी निरखून पाहिलं, एवढाच त्या सालाचा अर्थ.

म्हणून तुमच्या लेखात 'आढळलं' आणि 'आलं' या दोन क्रियापदांत कधीही गल्लत होऊ देऊ नका. टेम्समधली नोंद ही 'आलं' या प्रकारची होती, कारण त्या नदीच्या तळाचा अभ्यास आधीपासून होत होता. गोंदियाच्या तलावातली नोंद बहुधा 'होतंच, आता पाहिलं' या प्रकारची आहे. परदेशी लेखांत या जातीला 'परकी', 'घुसखोर' म्हटलेलं तुम्ही वाचाल. ते विशेषण इकडे उचलून आणू नका. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावात, भोवती धानाच्या बांध्या असताना, या गांडुळाला परकं म्हणण्यासाठी तुमच्याजवळ काहीही आधार नाही.

आणि 'गोंदिया जिल्ह्यातून पहिली' हे शब्द तर खोडूनच टाका. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्याआधी तो भंडाऱ्यात होता. म्हणजे तुम्ही 'गोंदिया' टाकून शोधलंत तर १९९९ पूर्वीचं काहीच दिसणार नाही. 'भंडारा' टाकून शोधा. त्याच्याही मागे गेलात तर १९५६ पर्यंत हा मुलूख मध्य प्रदेशात होता, आणि इंग्रजी अमदानीत मध्य प्रांत व वऱ्हाडात. १९२३ साली निघालेला स्टीफन्सन यांचा ब्रिटिश इंडियाच्या प्राणिसृष्टी मालेतला ऑलिगोकीटा खंड उघडलात तर स्थळं त्या वेळच्या नावांनी आणि त्या वेळच्या इंग्रजी स्पेलिंगने दिलेली आहेत. मराठवाड्याच्या नोंदी निजामाच्या राज्यात शोधाव्या लागतात, कोल्हापूरच्या संस्थानात. गोव्याला त्यात पोर्तुगीज इंडिया धरायचं. याच्या जोडीला जातींची बदललेली नावं. लाहोरिया आणि कीटोब्रँकस वर आलेच. शिवाय २००८ पासून ट्युबिफिसिडी हे कुळच नायडिडी कुळात विलीन केलं गेलं आहे, त्यामुळे जुन्या याद्यांत ब्रँकियुरा एका कुळाखाली आणि नव्यांत दुसऱ्याखाली मिळेल. भारतातल्या पाणगांडुळांवर के. वनमाला नायडू यांचा २००५ चा खंड आहे, भारतीय प्राणी सर्वेक्षणाने काढलेला. तो आणि त्याच संस्थेची महाराष्ट्राच्या प्राणिसृष्टीवरची २०१२ सालची दोन भागांची राज्यमाला, हे दोन्ही प्रत्यक्ष उघडून पानं चाळा. इंटरनेटवर शोधपेटीत न सापडणं म्हणजे साहित्यात नसणं नव्हे. या विषयातलं निम्मं साहित्य स्कॅन केलेल्या धूसर पानांत आहे आणि शोधपेटीला ते दिसत नाही.

जिल्ह्याऐवजी खोऱ्याच्या भाषेत लिहा, असं मी सुचवेन. गांडुळाला तलाठी माहीत नसतो, त्याला पाणी माहीत असतं. तुमचा तलाव वैनगंगेच्या खोऱ्यात आहे. वैनगंगा पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीला मिळते. 'वैनगंगा खोऱ्यातल्या मालगुजारी तलावांमधली कल्लेवाली गांडुळं' हा विषय एका तलावातल्या एका जातीपेक्षा कितीतरी मोलाचा आहे, आणि तुमच्याच घराजवळ तो पसरलेला आहे. दहा तलाव करा. ज्यात सापडलं नाही ते तलावही लिहा, किती वेळ आणि किती गाळ चाळून सापडलं नाही त्यासकट. 'नाही' ही सुद्धा नोंद असते, फक्त ती कष्टाने कमवावी लागते.

नव्या प्रदेशातली नोंद कशी उभी राहते याचं आपल्या मातीतलं एक उदाहरण माझ्या फार आवडीचं आहे. १९११ च्या सुमारास शंकर पुरुषोत्तम आघारकर यांना सातारा जिल्ह्यात कोयना आणि वेण्णा नद्यांच्या गोड्या पाण्यात जेलीफिश मिळाले. तो वंश तोवर आफ्रिकेतला मानला जात असे. आघारकर मूळचे वनस्पतींचे अभ्यासक. त्यांनी नमुने जपले, ते कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये प्राणिशास्त्रज्ञ ॲनंडेल यांच्यापर्यंत पोचले आणि लिम्नोक्निडा इंडिका या नावाने ती जात प्रसिद्ध झाली. पुढे १९४६ मध्ये आघारकरांनी पुण्यात जी संस्था उभारली तिला आज त्यांचंच नाव आहे. नदीच्या डोहात दिसलेला पारदर्शक प्राणी 'मी पाहिला' एवढ्यावर राहिला असता तर शंभर वर्षांनी आपण त्याच्याविषयी बोलत नसतो.

तर आता पुन्हा तलावावर. ग्रॅब (तळाचा गाळ उचलायचं साधन) नसला तरी अडत नाही. दोन-अडीच इंची पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा घ्या, वीतभर गाळात सरळ खुपसा, वरचं तोंड तळहाताने दाबून धरा आणि उचला. पाइपचं क्षेत्रफळ ठरलेलं असल्याने दर चौरस मीटरला किती हेही काढता येतं. चाळणी बारीक हवी, पाव मिलिमीटरच्या आसपास छिद्रांची. अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून मोठं ब्रँकियुरा राहील, पण त्याची पिल्लं आणि डेरोसारखी लहान मंडळी निसटून जातील, आणि मग तुम्ही 'इथे फक्त ब्रँकियुरा आहे' असं चुकीचं लिहाल. चाळताना वरून पाण्याची धार सोडू नका. चाळणी पाण्यात अर्धी बुडवून हलकेच गोल फिरवा, धारेने शेपट्या तुटतात. गाळ पांढऱ्या ट्रेमध्ये पातळ थरात पसरून थोडा वेळ तसाच ठेवला की प्राणवायू कमी होतो आणि गांडुळं आपण होऊन वर येतात. तेव्हा चिमट्याने नाही, रुंद तोंडाच्या ड्रॉपरने उचला. एका तलावातून दुसऱ्या तलावात जाताना जाळी, चाळणी आणि बूट धुऊन उन्हात कडक वाळवा. गाळात यांच्या अंड्यांचे कोश असतात, आणि ज्या पसरण्याचा आपण अभ्यास करतो आहोत ते आपणच करून ठेवायला नको.

मारण्याआधी गुंगी द्या. थंडगार साधं सोडावॉटर चालतं. पाण्यात थेंब-थेंब अल्कोहोल सोडत गेलं तरी चालतं. गांडूळ सुईने डिवचल्यावर आखडेनासं झालं की सरळ करून त्यावर फॉर्मेलिन घाला: बाजारातल्या फॉर्मेलिनचा एक भाग, पाण्याचे नऊ. एक-दोन दिवसांनी धुऊन ७० ते ८० टक्के अल्कोहोलमध्ये हलवा. पण सगळी गांडुळं फॉर्मेलिनमध्ये घालू नका. तुमच्या बाटलीची अडचण नेमकी तीच आहे, त्यातून डीएनए नीट निघत नाही. प्रत्येक तलावातली निदान पाच गांडुळं थेट ९५ टक्क्यांच्या वरच्या अल्कोहोलमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ते अल्कोहोल बदला. रंगीत डिनेचर्ड स्पिरिट वापरू नका.

बाटलीच्या आत लेबल हवं, जाड कागदावर आणि पेन्सिलीने लिहिलेलं. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. एका महाविद्यालयाच्या संग्रहात मी चाळीस बाटल्या अशा पाहिल्या आहेत ज्यांच्यात प्राणी उत्तम आणि लेबलं कोरी होती. कुणाच्या तरी दोन उन्हाळ्यांची मेहनत होती ती. आता त्या प्राण्यांचं काही करता येत नाही.

ओळखीसाठी गांडूळ ग्लिसरीनमध्ये किंवा लॅक्टोफिनॉलमध्ये पारदर्शक करा (फिनॉल कातडीला भाजतं, हातमोजे घाला), कुशीवर ठेवा म्हणजे पाठीचे आणि पोटाचे जुडगे दोन्ही दिसतील. खंड मोजताना एक गोष्ट नेहमी चुकते. पहिल्या खंडावर रोम नसतात, रोम दुसऱ्यापासून सुरू होतात. नवखा माणूस पहिल्या जुडग्याला 'एक' म्हणतो आणि मग पर्याणिका (पक्व गांडुळाच्या अंगावरचा जाड पट्टा) आणि जननरंध्रांची सगळी मोजदाद एकाने सरकते. निदान दहा गांडुळांची एकूण लांबी, खंड, पहिला कल्ला कितव्या खंडावर, जोड्या किती, केसाळ रोम कुठून कुठपर्यंत, हे सगळं तक्त्यात भरा. सरासरी नको, किमान आणि कमाल द्या.

डीएनएविषयी थोडंच. जात ओळखायला वापरतात त्या सीओआय जनुकाचा ६५८ बेसचा नेहमीचा तुकडा काढून मिळाला तर उत्तम. पण जनुकांच्या सार्वजनिक कोशात '९९ टक्के जुळलं' एवढ्यावर निकाल देऊ नका. तिथे नाव घालणाराही आपल्यासारखाच माणूस असतो. आणि जुळणीच्या पलीकडेही प्रश्न असतात: लिम्नोड्रिलस हॉफमाइस्टेरी ही जगभर एकच जात मानली जायची, तिच्यात निदान दहा वेगळ्या जाती दडलेल्या दिसतात असं २०१७ च्या एका अभ्यासाने दाखवलं. ब्रँकियुराचे वैनगंगेतले नमुने नीट जपले तर उद्या कुणाला तरी असा प्रश्न इथल्या प्राण्यांबद्दलही विचारता येईल.

नमुने कुठे ठेवायचे? स्वतःच्या कपाटात नाही. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पुण्याला आकुर्डीत पश्चिम प्रादेशिक केंद्र आहे आणि जबलपूरला मध्य विभागाचं. गोंदियाहून जबलपूर जवळ. आधी पत्र लिहून विचारा, नमुने जमा करा, नोंदणी क्रमांक मिळाल्यावरच लेख पाठवा. २००२ च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे नवी जात सापडली तर नमुना नेमलेल्या भांडारात देणं बंधनकारकच आहे. ज्ञात जातीच्या नव्या ठिकाणाला ती सक्ती नाही, पण क्रमांकाशिवायची नोंद मी स्वतः मोजत नाही. तलाव नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येत असेल तर वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्या. बाहेर असेल तर मच्छीमार सोसायटीला आणि ग्रामपंचायतीला सांगून जा. गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिची लोक जैवविविधता नोंदवही असते. तुमची नोंद तिथेही मराठीत उतरवा. तलाव त्यांचा आहे.

सोसायटीच्या लोकांना दोन गोष्टी आवर्जून विचारा: मत्स्यबीज कुठून आणतात, आणि शिंगाड्याची रोपं कुठून. पाण्यातली गांडुळं गाळ आणि मुळांबरोबर प्रवास करतात, तेव्हा ही माहिती लेखात हवीच. आणि ही नोंद त्यांच्याही उपयोगाची आहे. गोड्या पाण्यातले काही मिक्सोझोआ परजीवी अर्धं आयुष्य माशात आणि अर्धं गांडुळात काढतात. थेलोहॅनेलस होव्होर्काई या परजीवीने जपानमध्ये कार्प माशांना रक्तस्रावाचा रोग होतो, आणि त्याचं दुसरं घर ब्रँकियुरा सॉवर्बीआय हेच आहे. गांडूळ आहे म्हणजे रोग आहे असं मुळीच नाही, तसं कुणालाही सांगू नका. पण उद्या मासे आजारी पडले तर तळाशी कोण राहतं हे आधीपासून लिहिलेलं असणं कामाला येईल.

लेख आखूड ठेवा. अक्षांश-रेखांश चार दशांश स्थळांपर्यंत, तारीख, खोली, पाण्याचं तापमान, पद्धत, पक्व-अपक्व संख्या, मापं, मोजपट्टीसह फोटो, आधीचा प्रसार, नमुन्यांचे क्रमांक. फोटोंत एक कल्ल्यांचा पाठ-पोट दिशा दाखवणारा, एक पुढच्या रोमांचा. पैसे भरले की आठवड्यात छापून देणाऱ्या नियतकालिकांकडे जाऊ नका. तिथे तुमचं हस्तलिखित कुणी वाचत नाही, आणि तुम्हाला वाचणारा हवा आहे. मोकळ्या नोंदी निरीक्षणांच्या संकेतस्थळांवरही टाका. कल्ले स्पष्ट दिसत असतील तर फोटोवरून या जातीला दुजोरा मिळू शकतो.

पुढची फेरी हिवाळ्यात एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडी एकदा करा. सकाळी लवकर जा, वारा सुटायच्या आत. पाणी निवळ असताना काठाशी हळू बसा, पाय आपटू नका, सावली पाण्यावर पडू देऊ नका. हे गांडूळ डोकं गाळात खुपसून खातं आणि शेपूट वर काढून हलवत राहतं. पाऊल वाजलं की शेपट्या क्षणात आत जातात. दहा मिनिटं तसंच बसलात तर पुन्हा एकेक वर येऊ लागतात. हातभर चौकटीत त्या मोजा, वेळ आणि पाण्याचं तापमान वहीत लिहा. मगच पाइप खुपसा.